बोटभर मध

सिस्टरनं सांगितलं होतं, आणि एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. दीड महिन्याच्या बाळाला लस टोचून झाल्यावर तिनं सुईच्या जागी कापूस दाबून धरायला लावला, कार्डावर तारीख घातली आणि मान वर न करता म्हणाली, की सहा महिने अंगावरचं दूध सोडून काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आणि मध तर वर्षाच्या आत बोटाच्या टोकाला लावूनही नाही.

थोरलीला हसू आलं. ती बाळाची आई, मधवाल्यांची थोरली सून. ज्या घरात माणसांच्या खोल्यांपेक्षा मधाच्या पेट्या जास्त, त्या घरातल्या बाईला हे सांगायचं म्हणजे कोळ्याच्या पोराला पाण्यात उतरू नकोस म्हणण्यापैकी होतं. का म्हणून, असं तिनं विचारलं. सिस्टर विशी-बाविशीची, नुकती लागलेली. तिला नीट सांगता येईना. त्यात जंतू असतात, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, एवढंच म्हणाली. थोरली शास्त्र शाखेची पदवीधर होती. मधात जंतू वाढत नाहीत, मध त्यांच्यातलं पाणी शोषून घेतो, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. तेच तिनं सिस्टरला गोड आवाजात समजावलं, शिकवणीच्या मुलीला समजावावं तसं. सिस्टरनं ऐकून घेतलं, कार्ड मिटून तिच्या हातात दिलं आणि पुन्हा म्हणाली, "तरी नाही द्यायचा."

पुढच्या लसीला थोरलीनं तिच्यासाठी एक बरणी नेली. सिस्टरनं बरणी पिशवीत टाकली आणि त्या दिवशी मधाचा विषय काढला नाही. म्हणजे मिटलं, असं थोरलीनं धरून चाललं.

त्या घरात औषधाचं कपाट नव्हतं. खोकला आला की आल्याचा रस आणि मध. भाजलं की मध. डोळे आले की मधाचा थेंब, मग तो कितीही झोंबो. सासरे रोज पहाटे तांब्याभर कोमट पाण्यात मध आणि लिंबू घेत, चार मैल चालत आणि परत आले की दारातूनच ओरडून सांगत, की सत्तरी उलटली पण अजून एक गोळी पोटात गेली नाही. गावातली माणसं वजन कमी करायला, झोप यायला, भूक लागायला त्यांच्याकडे येत. सगळ्यांना ते बरणी देत आणि वर एक भाषण देत. भाषण फुकट होतं, पण ते टाळून बरणी मिळत नसे. बरणीवरची चिठ्ठी थोरलीच्या हातची. लग्न होऊन आली त्या वर्षीच तिचं अक्षर बघून सासऱ्यांनी ते काम तिच्याकडे दिलं होतं: शुद्ध, नैसर्गिक, तान्ह्या बाळापासून थोरांपर्यंत.

बाळाला मध कोण देत होतं, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. त्या घरात प्रत्येकाचं बोट मधाचं असायचं. सासूबाई पोळ्यावरचं मेण कापता कापता उठून बाळाच्या ओठाला बोट लावायच्या. नवरा पेटीतल्या मधाच्या चौकटी आत आणताना वाकून लावायचा. धाकटी जाऊ, जिला तेव्हा चौथा महिना लागला होता, हाताला सवय व्हावी म्हणून लावायची. आणि थोरली स्वतः लावायची, बाळ चुटूचुटू चोखायचं ते बघायला.

त्या वर्षी फुलोरा गडबडला. थंडी लांबली, मग एकदम ऊन तापलं आणि महिनाभर टिकणारी फुलं बारा दिवसांत गळाली. एरवी तीनदा निघणारा मध एकदाच निघणार होता. त्यात माश्या उपाशी आणि चिडलेल्या. सासऱ्यांनी ठरवलं, की सगळ्या पेट्यांचा मध सलग आठ-नऊ दिवसांत काढून घ्यायचा आणि मग पेट्या उचलून नदीपलीकडे न्यायच्या.

मध काढायची खोली बंद ठेवावी लागते. उघड्या मधाचा वास सुटला की दुसऱ्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात आणि एकदा लूट सुरू झाली की कुणाचं ऐकत नाहीत. म्हणून खिडक्यांना ओली फडकी बांधलेली, दार लावलेलं, आत घाम, मेणाचा वास आणि भोवतीनं सतत घूं घूं. सासरे आणि नवरा बुरखे घालून, धुराचा डबा घेऊन बाहेर पेट्या उघडत आणि चौकटी आत आणून देत. सासूबाई गरम सुरीनं चौकटीवरचं मेणाचं झाकण कापून काढत. थोरली चौकटी पिंपात उभ्या करून दांडा फिरवी. दांडा फिरला की आतल्या भिंतीवर मध पावसासारखा आपटे, निथळून तळाशी येई आणि तोटीखालच्या फडक्यातून गळे. धाकटी बरण्या भरी. बाळ कोपऱ्यातल्या झोळीत.

बाळाला तीन महिने पूर्ण झाले होते. पहिल्या दिवशी थोरलीच्या लक्षात आलं, की त्यानं परवापासून शी केलेली नाही. दूध पिणाऱ्या बाळाचं असं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली, तोटीखाली वाटी धरली, त्यात कोमट पाणी घालून बोटानं ढवळलं आणि चमच्यानं पाजलं. पोट साफ होईल, उद्या बघ. उद्या झालं नाही. मग सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक. पाचव्या दिवशी दोन. चमचा बहुतेक वेळा सासूबाईंच्या हातात असे. वाटी थोरलीच कालवी.

शी झाली नाही, पण बाळ शांत झालं. दिवसभर झोळीत पडून राही. भूक लागली तरी मांजराच्या पिलासारखं बारीक आवाज काढी आणि मध्येच दमल्यासारखं थांबे. कामाच्या धबडग्यात ते सगळ्यांच्या पथ्यावर पडलं. दुपारी सगळे पाणी प्यायला थांबले असता सासूबाई धाकटीला म्हणाल्या, की बघून ठेव, मधावर वाढलेलं पोर असं असतं, घर डोक्यावर घेत नाही. धाकटीनं हसून पोटावर हात ठेवला.

थोरलीची छाती मात्र दगडासारखी झाली. बाळ तोंड लावी, दोन-तीनदा ओढी आणि सोडून देई. दूध हनुवटीवरून ओघळे. दांडा फिरवताना तिच्या अंगातून कळा निघत, पुढचं कापड भिजे आणि चौकटी द्यायला आलेले सासरे नजर दुसरीकडे वळवत. दूध पीत नाही, असं ती म्हणाली तेव्हा सासूबाईंनी तिला सगळ्यांसमोर वाटीत पिळायला लावलं. वाटी उजेडाकडे धरली, बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"पाणचट आहे. चवीला तुरट. पोर काय वेडं आहे होय असलं प्यायला?" मग धाकटीकडे वळून, आवाज खाली न आणता, "शिकलेल्यांच्या अंगावर दूध धरत नाही. सगळं डोक्यात जातं."

नवरा दारात मधाची चौकट धरून उभा होता. तो हसला. फार मोठ्यानं नाही, आई हसली म्हणून हसावं तेवढाच. थोरलीनं वाटी मोरीत ओतली आणि पुन्हा दांड्याला हात घातला.

सातव्या दिवशी सकाळी तिनं बाळाला अंघोळ घालायला बगलेत धरून उचललं आणि ते तिच्या हातातून ओल्या पंच्यासारखं निसटलं. खांदे वर गेले, धड खाली सरकलं, मान मागे पडली. तिनं कसंबसं धरलं. पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. तिनं चुटकी वाजवली, जीभ बाहेर काढून दाखवली, एरवी ज्याला ते खिदळायचं ते सगळं केलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. डोळे तेवढे तिच्याकडे बघत होते. ते बघणं तिला सहन होईना.

ती तशीच अंगणात गेली. सासरे पेटीवर वाकले होते. बाळाला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्यायचं, असं म्हणाली. सासऱ्यांनी बुरख्यातूनच बाळाकडे पाहिलं. गरम झालं असेल, म्हणाले. वीस पेट्या उघड्या पडल्या आहेत, आज त्या तशाच टाकून सगळे निघालो तर लूट होऊन संध्याकाळपर्यंत पेट्यांत माशी उरणार नाही. उद्या सकाळी गाडी जायचीच आहे बरण्या घेऊन, तेव्हा बस. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा धुराचा डबा दाबत राहिला. ती बुरख्याशिवाय पेट्यांमध्ये उभी होती. एक माशी तिच्या भुवईवर चावली, दुसरी मानेला. ती हलली नाही म्हणून सासरे उलट तिच्यावरच खेकसले, की आत हो, माश्या पिसाळतील.

ती आत गेली. ही गोष्ट सांगताना तिला इथं नेहमी थांबावं लागतं. रस्ता समोर होता, पाय धड होते, तासाभराच्या चालीवर दवाखाना होता. ती आत गेली आणि तिनं दुपारपर्यंत दांडा फिरवला.

दुपारी सासूबाईंनी चमचा पाजला आणि बाळाला तो गिळता आला नाही. घशात घरघर झाली, ओठ जांभळे पडले. सासूबाईंनी पाठीवर थापट्या मारल्या, मध नाकातोंडातून बाहेर आला. तेव्हा कुठे गाडी निघाली. धाकटी घरी राहिली, लूट होऊ नये म्हणून. पुढे नवरा आणि सासरे, मागे बरण्यांच्या खोक्यांमध्ये सासूबाई आणि थोरली, मांडीवर बाळ. गावाची वेस ओलांडल्यावर सासऱ्यांनी मधली काच सरकवली.

"तिथं मधाचं नाव काढायचं नाही. कुणीही. आधीच वर्ष असलं. एक डॉक्टर एक शब्द बोलला की दहा गावांत होतो, आणि मग या बरण्या आपणच चाटत बसायच्या."

काच लागली. सासूबाई थोरलीच्या सुजलेल्या भुवईकडे बघत हळू म्हणाल्या, की आपला मध काही वाईट आहे का, तूच सांग. तिला तेव्हाही तो वाईट वाटत नव्हता. म्हणून ती गप्प बसली, असं ती स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, सकाळपासून उभ्या. त्यांनी बाळाचे दोन्ही हात धरून त्याला उठवायचा प्रयत्न केला, मान मागेच लोंबली. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. ताप नव्हता. शी किती दिवस नाही, रडतं कसं, दूध ओढतं का, एकेक विचारलं, आणि मग विचारलं की आईच्या दुधाशिवाय काही दिलंय का. गुटी, पाणी, मध, काहीही.

"काही नाही हो," सासूबाई म्हणाल्या, थोरलीचं तोंड उघडायच्या आत. "दूधच कमी आहे हिला. तेच तर झालंय."

डॉक्टरीणबाईंनी थोरलीकडे पाहिलं. सासरे दाराशी उभे होते. नवरा जमिनीकडे बघत होता. थोरलीनं मान हलवली. ती नाही म्हणून हलवली की नुसतीच, हे त्या वेळी तिलाही कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नाही असं लिहून घेतलं.

मेंदूला सूज असावी, असं धरून त्यांनी बाळाच्या पाठीत सुई घातली, पाणी काढलं, सलाईन लावलं आणि त्याला साध्या वॉर्डात ठेवलं. सुई घालताना बाळ रडलं नाही. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात झाडू मारणारी बाई खाटेखालून झाडू काढता काढता थांबली आणि म्हणाली, हे श्वास घेतंय का बघा बरं. थोरली रात्रभर जागी होती. बाळाच्या चेहऱ्यावरून तिनं नजर काढली नव्हती. छातीकडे पाहिलं नव्हतं. मग धावाधाव झाली, बाळाला उचलून जिना चढून वरच्या मजल्यावर नेलं, कारण मशीन वरच्या मजल्यावर होतं. जिना किती मिनिटांचा होता, ते कुणी सांगितलं नाही.

नळी घातल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पुन्हा तोच प्रश्न, सुरुवातीपासून. या वेळी त्यांचं लक्ष नवऱ्याच्या हातांकडे गेलं. हातावर मेणाची पिवळी पुटं, मनगटावर चावल्याच्या गाठी. धंदा काय करता, त्यांनी विचारलं. नवऱ्यानं बापाकडे पाहिलं.

"मध," थोरली म्हणाली. "मधाचा धंदा. बाळाला जन्मल्यापासून देतोय. शी होत नव्हती म्हणून पाच दिवस रोज चमच्यानं दिला. मीच कालवून दिला."

सासूबाई पुटपुटल्या, की ही घाबरलीय, काहीही बोलतेय. डॉक्टरीणबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मधात कधी कधी एका जंतूचं बी असतं, त्या म्हणाल्या. कितीही शुद्ध असला तरी असतं. मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाही, तान्ह्याच्या पोटात रुजतं आणि विष सोडतं. आधी शी थांबते, मग चोखणं, मग मान, मग श्वास. मोजून त्याच क्रमानं त्यांनी सांगितलं, आणि थोरलीला तिचा आठवडा एकेक करून परत मिळाला.

"काल सांगितलं असतं तर मी त्याला काल दुपारीच वर, मशीनजवळ घेतलं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

औषध दुसऱ्या शहरातून मागवावं लागलं, यायला दोन दिवस लागले. बाळ सहा आठवडे नळीवर होतं. त्या सहा आठवड्यांत सासरे एकदाच आले. पेट्या नदीपलीकडे नेल्याचं सांगितलं आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांनी मध तपासून घेतला होता. भेसळ नाही, साखर नाही, पाणी हवं तेवढंच. कागद त्यांनी डॉक्टरीणबाईंना दाखवला, औषधं देणाऱ्याला दाखवला, बाकड्यावर बसलेल्या अनोळखी लोकांना दाखवला. जाताना थोरलीच्या समोर धरून ठेवला, ती वाचून होईपर्यंत. मग म्हणाले, आता कळलं ना दोष कशात होता. गावात तोवर सांगून झालं होतं, की थोरलीच्या अंगावरचं दूध नासलं.

दवाखान्यातून नवऱ्यानं तिला बाळासकट तिच्या आईकडे पोचवलं. बाळ जरा सुधारू दे, घरी माश्यांत कुठे सांभाळणार, म्हणाला. बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली, चहा घेतला नाही. सासूबाईंनी बाळाचे कपडे आणि खुळखुळे मागाहून गाडीबरोबर पाठवले, घरात एक झबलंही ठेवलं नाही. खोक्यात तळाशी मधाची बरणी होती, बाळंतिणीला शक्ती यावी म्हणून.

आता बाळ नऊ महिन्यांचं आहे. श्वास स्वतःचा घेतं, दूधही पितं. विष उतरलं, स्नायू परत येतात, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पण जिन्यावर मेंदूला हवा मिळाली नाही, त्याचं काय ते दोन वर्षांनी कळेल. मान अजून धरत नाही. थोरली त्याला रोज पालथं घालते, समोर चमचा वाजवते. डोकं बोटभर उचलतं आणि गादीवर पडतं. तिची आई शेजारी बसून मोजते. काल तीन मोजून झाले होते.

महिन्यापूर्वी धाकटी बाळंत झाली. हे थोरलीला त्या गावावरून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. तिनं नवऱ्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. धाकटीला लावला, तो सासूबाईंनी उचलला. थोरलीनं जेवढं बोलता येईल तेवढं एका श्वासात सांगितलं: मध देऊ नका, एक थेंब नको, आठवतंय ना. पलीकडून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, की तुझ्यावरून ओवाळून टाकलेली नजर या पोराला लावू नकोस. नंतर तो फोन लागलाच नाही. तिनं पत्र लिहिलं, बरण्यांवरच्या त्याच अक्षरात. ते कुणाच्या हातात पडलं, ते तिला ठाऊक नाही. ती स्वतः गेली तेव्हा दार उघडलं नाही. खिडकीला ओलं फडकं बांधलं होतं, आत नव्या हंगामाचं पिंप फिरत होतं, आणि आतून धाकटीनं एवढंच विचारलं, ताई, तुमचं बाळ कसं आहे. उत्तर द्यायच्या आत कुणीतरी तिला दुसऱ्या खोलीत बोलावलं.

तेव्हा तुम्हाला एक विनंती आहे. असं घर तुम्हाला माहीत असेलच: अंगणात पेट्या, दाराशी बरण्या, आणि सत्तरीतला एक गृहस्थ, जो तुम्हाला बसवून घेईल आणि गोळी न खाता कसं जगावं ते सांगेल. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून गेलात तर दार उघडतील. भाषण ऐकून घ्या, एक बरणी घ्या, आणि सहज म्हणून विचारा, की बाळंतीण कुठे आहे. ती पोराला घेऊन बाहेर आली तर तिच्याशी दोन मिनिटं एकटीशी बोला. त्याच्या पोटाचं विचारा, दूध नीट ओढतं का ते विचारा, आणि ती गप्प राहिली तर कुणाची परवानगी न मागता दोघांना गाडीत घाला. तिच्या पोराला महिना झाला आहे. आज जमलं तर आजच जाऊन या.